हरणीची पाठवणी : वरातीची घोडी दुसऱ्या घरी देताना

(ओळख पटू नये म्हणून नावं, गावं आणि काही बारीक तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

अहिल्यानगर जिल्ह्याचा उत्तर भाग, प्रवरेच्या कालव्याखालचं गाव. अण्णांचं वय ७२. पंचवीसेक वर्षं त्यांनी वरातीला घोडी दिली. तुळशीचं लग्न लागलं की सीझन सुरू, ज्येष्ठात पाऊस पडला की बंद. हरणी ही त्यांची तिसरी आणि शेवटची घोडी. सारंगखेड्याच्या यात्रेतून ती तीन वर्षांची असताना आणली, तेव्हा ती सब्जी, म्हणजे राखाडी, होती. सब्जा रंग वयाबरोबर उजळत जातो, त्यामुळे दहाव्या वर्षापासून लोक तिला पांढरी घोडी म्हणूनच ओळखत होते. या प्रकरणाच्या वेळी ती पंधरा वर्षांची होती.

गेल्या दोन वर्षांत अण्णांचे दोन्ही गुडघे गेले. कामाला ठेवलेला माणूस कारखान्यावर लागला. मुलगा चाकणला नोकरीत, सून आणि नात गावी. वराती थांबल्या, पण चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, थांबली नाही. कामावरच्या घोडीला लागतो तेवढा दोन किलो भिजवलेला हरभरा आणि वर गूळ अण्णा रोज घालत राहिले. घोडी दिवसभर आगाडी-पिछाडीवर, म्हणजे पुढच्या-मागच्या दोरांनी बांधून, उभी. तिच्या मानेवर आयाळीखाली चरबीचा कठीण पट्टा चढला, खूर वाढले. अशा उभ्या, माजलेल्या जनावराच्या खुरांत आतून सूज येऊ शकते आणि घोडं कायमचं लंगडू शकतं. हे तालुक्याच्या पशुवैद्यांनी दोनदा सांगून झालं होतं. अण्णांना ते कळत नव्हतं असं अजिबात नाही. हाताने करण्यासारखं तेवढंच उरलं होतं, आणि तेवढं अण्णा करत होते.

भाद्रपदात पाण्याची बादली नेताना अण्णा गोठ्यात पडले. मनगट मोडलं नाही एवढंच. त्या रात्री घरात ठरलं की घोडी द्यायची.

पेच

ठरलं ते अण्णांना वगळून. मुलाने फोनवरून एका दलालाला फोटो पाठवले आणि तिसऱ्या दिवशी दलाल दारात उभा राहिला. त्याने त्याच्या धंद्याच्या रीतीने सगळं केलं. ओठ उचलून दात पाहिले. वरच्या जबड्यातल्या कडेच्या दातावरची खाच साधारण दहाव्या वर्षी हिरडीपाशी दिसायला लागते, पंधराव्याला निम्म्या दातापर्यंत उतरते. ती निम्म्यावर बघून त्याने वय मोठ्याने सांगितलं. शेपूट उचलून खालच्या काळ्या गाठी दाखवल्या, "हे बघा, रोगट हाय," म्हणाला आणि बारा हजार बोलला.

त्या गाठी अण्णांना चार वर्षांपासून माहीत होत्या. सब्जा आणि पांढऱ्या घोड्यांत पंधरावं वर्ष ओलांडताना शेपटीखाली अशा काळ्या गाठी पुष्कळदा दिसतात. बहुतेक सावकाश वाढतात, फुटल्या किंवा लीद पडायला आड येऊ लागल्या तरच त्रास होतो. पण हे बोलायची वेळ नव्हती. बाजारात खोट काढणं हा भावाचा भाग असतो, त्यात कुणाचा अपमान नसतो. स्वतःच्या दारात, नातीसमोर, विकायचं आपण ठरवलेलंच नसताना ते ऐकणं वेगळं. अण्णांनी दलालाला चहा दिला, घोडी सोडून ओढ्याकडे नेली आणि अंधार पडल्यावर परत आले. पुढे दोन दिवस ते घरात कुणाशी बोलले नाहीत.

मग सुनेने नालबंदांना फोन केला. त्यांना इथे चाचा म्हणू. बारा वर्षं दर सहा-आठ आठवड्यांनी हरणीचे पाय त्यांनीच धरलेले. घोडीची आणि अण्णांची, दोघांचीही मर्जी राखू शकेल असा पंचक्रोशीत हा एकच माणूस. सुनेने केलेली ही निवड या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय होता असं म्हणायला हरकत नाही. मध्यस्थ नात्यातला असता तर मुलाची बाजू किंवा बापाची बाजू, असं झालंच असतं.

समोर असलेले पर्याय

चाचा आले ते पाय बघायच्या निमित्ताने. घोडीचा पुढचा पाय मांडीवर घेऊन, तासणी चालवत त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : "अण्णा, तुम्हाला काय वाटतं, हिला कुठं बरं वाटंल?" विकायची की नाही, हे विचारलंच नाही. गुडघ्यांनी ते आधीच ठरवून टाकलं होतं, आणि अण्णांनाही ते ठाऊक होतं. त्यांच्या हातात उरलेला निर्णय जागेचा होता. तो चाचांनी त्यांना परत दिला.

त्यानंतर तासभर एकेक वाट तपासली गेली.

सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला, तापीकाठी. अकलूजचा बाजार त्याआधी, दिवाळीच्या सुमारास. दोन्हीकडे गिऱ्हाईक मिळालं असतं. पण पंधरा वर्षांच्या घोडीला तिथे विचारणारा बहुधा वर्षभर ओढून पुढे विकणारा असतो. दोन हात बदलले की जनावर वीटभट्टीवर आहे की टांग्याला, हे शोधूनही सापडत नाही. जिथून तिला आणली तिथेच ती विकायला उभी करणं अण्णांना नको होतं, हेही होतंच.

पुतण्याला द्यावी, असं मुलाचं मत. घरातली घोडी घरात. पुतण्या मोकळेपणाने म्हणाला की घोडा-बैल शर्यतीच्या छकड्याला जुंपून बघू. अण्णांनी एका शब्दात नाही सांगितलं.

माणूस ठेवून सांभाळायची, तर चारा-चंदीवर माणसाचा पगार चढतो. शिवाय चांगला माणूस मिळत नाही हाच तर मूळ प्रश्न होता.

प्राण्यांच्या आश्रयाची एक संस्था सुनेने शोधली. जागा नव्हती. अशा ठिकाणी विचारायचे प्रश्न मात्र तिने नीट विचारले, ते इथे नोंदवण्यासारखे आहेत : आता किती घोडी आहेत, त्यांना बघणारी माणसं किती, नालबंद किती दिवसांनी येतो, आम्ही भेटायला आलो तर चालेल का, आणि जनावर पुढे कुणाला दत्तक देता का.

शेजारच्या एकाने "डॉक्टरला सांगून सुई देऊन टाका, हाल तरी नकोत" असं सुचवलं. त्याचा हेतू वाईट नव्हता. पशुवैद्यांनी मात्र स्पष्ट सांगितलं की दात, हृदय, पाय ठीक आहेत, त्या वाटेने जायचं काहीच कारण नाही. घोडं पंचवीस वर्षं सहज जगतं.

शेवटचा पर्याय चाचांच्याच ओळखीचा. जुन्नर तालुक्यात एक निवृत्त शिक्षक, आपण त्यांना मास्तर म्हणू. त्यांच्या शेतावर एक म्हातारा घोडा होता आणि त्याला सोबत हवी होती. वाडीतली मुलं पाठीवर बसवून बांधावरून चालवायची, एवढंच काम. रोज बघायला मास्तरांचा भाचा, वय बावीस, हौशी पण अननुभवी.

चाचांनी बसवलेली घडी

मास्तर घोडी बघायला येण्याआधी चाचांनी त्यांना तीन गोष्टी सांगून ठेवल्या. गाठी, वय, वजन सगळं मी फोनवर सांगितलंय, तिथे परत काढायचं नाही. भाव अण्णांशी करायचा नाही. आणि आल्याबरोबर घोडीकडे जायचं नाही, आधी घरात बसायचं. मास्तरांनी तिन्ही पाळल्या. दोष लपवले नाहीत. फक्त ते ज्याने ऐकायला नकोत त्याच्यासमोर मांडले नाहीत.

पैशाचा प्रश्न सोपा नव्हता. मास्तर म्हणाले होते, आम्ही सांभाळायलाच नेतोय, फुकट दिली तरी चालेल. हा निरोप चाचांनी पोचवलाच नाही. बारा वर्षं घर चालवलेल्या घोडीची किंमत शून्य, असं तिच्या मालकाला ऐकवण्यात मोठेपणा नाही. तीस हजारांवर बोलणं ठरलं. अण्णा म्हणाले, "तिचे पैसे मला नकोत." काकूंचं, म्हणजे अण्णांच्या पत्नीचं, म्हणणं वेगळं होतं : चाऱ्याच्या दुकानाची चौदा हजारांची उधारी आहे, ती काय हवेतून फेडायची? दोघांचंही खरं. शेवटी पंधरा हजार काकूंच्या खात्यावर, पाठवणीच्या चार दिवस आधी. उरलेले पंधरा हजार घोडीच्या औषधपाण्यासाठी म्हणून मास्तरांकडेच. नेण्याच्या दिवशी नोटा मोजायच्या नाहीत, हे त्यामुळे आपोआप साधलं.

कागद साधा, एका पानाचा. दोन साक्षीदार. पुढे विकायची झाली तर आधी अण्णांच्या घरी विचारायचं. शर्यतीला जुंपायची नाही. कधीही भेटायला येता येईल, फक्त आदल्या दिवशी फोन करून. मोठं आजारपण आलं तर त्याच दिवशी कळवायचं, आणि तिला कायमचं झोपवायची वेळ आली तर डॉक्टरांनी सुई भरण्याआधी. विक्रीनंतर मालकी घेणाऱ्याची होते, आणि अशा कागदावरून कोर्टात कुणी जात नाही. पण लिहायला बसल्यामुळे एरवी कुणी काढला नसता तो शेवटचा विषय निघाला. अण्णांनी विचारलं, तसं झालंच तर मी तिथं असावं का? पशुवैद्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं : आधी गुंगीचं, मग भुलीचं आणि मग शेवटचं इंजेक्शन. घोडं उभ्याचं कोसळतं, सावकाश बसत नाही. डोळे उघडेच राहतात, हृदय थांबल्यानंतरही एखाद-दुसरा श्वास ओढल्यासारखा दिसतो, तो जिवंतपणाचा नसतो. आधी माहीत असेल तर बघवतं, नसेल तर आयुष्यभर सलतं. खड्डा विहिरीपासून लांब, पुरुषभर खोल आणि आधीच खणून ठेवायचा, कारण औषधं मांसात राहतात आणि उकरून खाणारी कुत्री, गिधाडं त्याने मरतात. अण्णांनी मान हलवली आणि "असंन," एवढंच म्हणाले.

निघण्याआधीचे दिवस

घरच्यांना दसऱ्याच्या आत उरकायचं होतं. चाचांनी अडवलं. दसऱ्याला घोड्याची पूजा असते, ती होऊ द्या. तसंही ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगासाठी रक्त तपासणीला पाठवलेलं होतं आणि त्याचा निकाल यायचा होता. हा रोग माणसालाही होतो, त्यावर लस नाही, आणि बाधित जनावर कायद्याने मारावं लागतं. त्यामुळे निकालाशिवाय दुसऱ्याच्या घोड्याशेजारी घोडी नेऊन बांधणं हा शुद्ध निष्काळजीपणा. निकाल येईपर्यंत पंधरा-सोळा दिवस गेले. या सक्तीच्या थांबण्याचा अण्णांना फायदाच झाला.

त्या दिवसांत नातीने वहीत हरणीच्या सवयी लिहून घेतल्या. ही कल्पना पशुवैद्यांची. त्यांनी फीत लावून वजन काढून दिलं : छातीचा घेर १७० सेंटिमीटर, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी १५०. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८७७, म्हणजे ३६५ किलोच्या आसपास. त्यावरून कोरडा चारा रोज साडेपाच ते सात किलो, हरभऱ्याचा भरडा अर्ध्या किलोवर, गूळ बंद. पुढचं सगळं अण्णांनी सांगितलं. डाव्या कानाला हात लावलेला खपत नाही. खरारा, म्हणजे अंग घासणं, पाठीकडून सुरू करायचा, पोटाखाली हळू. मागचा उजवा पाय उचलताना आधी हाक मारायची. फटाक्यांना भीत नाही, पण उडणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीला भिते. वहीची सहा पानं भरली. रोज संध्याकाळी नात विचारी, "अण्णा, अजून काय?" आणि अण्णा बोलत. घरात पुन्हा बोलणं सुरू झालं ते असं.

मास्तरांचा भाचा शेवटचे तीन दिवस येऊन राहिला. पहिल्या दिवशी त्याने नुसतं बघायचं, दुसऱ्या दिवशी अण्णांबरोबर करायचं, तिसऱ्या दिवशी एकट्याने. तोबरा, म्हणजे तोंडाला बांधायची चंदीची पिशवी, त्याच्याच हातून. चाचांनी शेवटची तासणी केली आणि नाल काढून घेतले, कारण पुढे मऊ मातीतच चालायचं होतं. जुनी मोरखी (तोंडाला बांधायचा दोर) घोडीबरोबर जाणार, तिला वास ओळखीचा म्हणून, हेही ठरलं.

पाठवणीचा दिवस

कार्तिकातली सकाळ, साडेसहाची वेळ. पिकअपच्या तळाला वाळू आणि वर गोणपाट, नाहीतर पत्र्यावर खूर घसरतात. छातीच्या उंचीला पुढे-मागे आडवे बांबू. दोर झटक्यात सुटणाऱ्या गाठीने बांधायचा. पशुवैद्याचा प्रवासाचा दाखला ड्रायव्हरकडे. १९७८ च्या जनावर वाहतुकीच्या नियमांप्रमाणे तो लागतोच. गाडी शेताच्या बांधाला मागून लावली, म्हणजे चढ फारसा राहत नाही.

अण्णांनी पहाटे खरारा केला. त्या वेळी गोठ्यात कुणी जायचं नाही, असं चाचांनी सगळ्यांना सांगितलं होतं. गल्लीतली पोरं मोबाइल काढून आली, त्यांना त्यांनी बांधाच्या पलीकडे नेऊन उभं केलं. इथवर सगळं ठरल्यासारखं.

योजना अशी होती की भाचा घोडी चढवेल आणि अण्णा ओट्यावर बसतील, म्हणजे "माझ्याच हातानं गाडीत घातली" ही बोच राहणार नाही. हरणी बांधापर्यंत भाच्याबरोबर शांत आली आणि गाडीच्या तोंडाशी चारही पाय रोवून उभी राहिली. दहा मिनिटं गेली. कुणीतरी मागून दोर टाकून ओढायचा म्हणून पुढे आला, दुसऱ्याने पराणी मागितली. घोडीच्या डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागला. अण्णा काठी टेकत उठले, भाच्याच्या हातातून मोरखी घेतली, घोडीकडे न बघता पुढे चालत गाडीत चढले, आणि ती त्यांच्यामागे चढली.

उतरताना त्यांनी विचारलं, "मी येऊ का तिच्यासंगं?" सुनेचा जीव वर-खाली झाला. संगमनेर, चंदनापुरीचा घाट, आळेफाटा, चार तासांचा रस्ता आणि हे गुडघे. चाचांनी मोजून एक क्षण विचार केला आणि म्हणाले, बसा. स्वतःही बरोबर गेले. घाटाच्या अलीकडे गाडी थांबवून घोडीला पाणी दाखवलं, ती प्यायली नाही. मास्तरांच्या शेतावर अण्णांनी जागा बघितली, म्हाताऱ्या घोड्याच्या तोंडावरून हात फिरवला, रात्र तिथेच काढली आणि दुसऱ्या दिवशी एसटीने परतले. या ऐन वेळच्या बदलाची किंमत एवढीच की रक्तदाबाच्या गोळ्या घरी राहिल्या. त्या जुन्नरच्या मेडिकलमधून फोटो मागवून घ्याव्या लागल्या.

नंतरचे आठवडे

पहिला व्हिडिओ आठव्या दिवशी पाठवायचा, असं ठरलं होतं. जागा बदलली की घोडं दोन-चार दिवस खाणं कमी करतं, मान खाली घालून उभं राहतं, अधूनमधून खिंकाळत राहतं. ते मालकाला दाखवून काही साधत नाही. भाच्याने उत्साहाने दुसऱ्याच दिवशी पाठवला. त्यात हरणी कोपऱ्यात तोंड करून उभी. अण्णांनी तो दिवसभरात कितीदा पाहिला ते नातीने मोजणं सोडून दिलं. त्याच रात्री "परत आणू" हा विषय निघाला. चाचांनी अण्णांना थांबा म्हटलं नाही. भाच्याला फोन लावून दिला आणि अण्णांना लीद कशी आहे, पाणी पिते का, दुसऱ्या घोड्याजवळ जाते का, हे विचारू दिलं. उत्तरं ठीक होती. पाचव्या दिवशी दोन्ही घोडी एकाच गव्हाणीत खात होती.

गोठा धुऊन तिथे स्कूटी लावायची, असं सुनेच्या मनात होतं. महिनाभर हात लावू नका, असं चाचांनी सांगितलं. अण्णा पहाटे साडेचारला उठत राहिले. भेटायला येणाऱ्यांपैकी निम्मे "वय झालं होतं तिचं" म्हणत आणि निम्मे "आता सुटलात" म्हणत. दोन्हींवर अण्णांकडे उत्तर नसे. शेजारचा शेळ्यावाला मात्र दर आठवड्याला एखादी लंगडी शेळी घेऊन येई आणि अण्णांना खूर बघायला लावी. त्या शेळ्यांना फारसं काही झालेलं नसायचं, असा घरच्यांचा अंदाज आहे.

पौषातला पोटशूळ

सहा-सात आठवड्यांनी, कडाक्याच्या थंडीत, पहाटे हरणी पुढच्या पायाने जमीन उकरू लागली, वळून पोटाकडे बघू लागली. संध्याकाळपासून लीद नव्हती. डॉक्टरांनी नाडी मोजली, ५६. उभ्या घोड्याची ती २८ ते ४४ असते. आतड्यात कोरडा चारा अडकला होता. वेदनेचं इंजेक्शन, नाकातून नळी, नळीवाटे कोमट पाणी आणि लिक्विड पॅराफिन, आणि चारा पूर्ण बंद.

इथे प्रश्न आला, अण्णांना कळवायचं का? मास्तरांनी आधी सुनेला विचारलं. तिचं पहिलं मत होतं की बरी झाल्यावर सांगू. कागदावर "त्याच दिवशी" लिहिलेलं होतं म्हणून सहा वाजता फोन गेला. अण्णांनी विचारलं, "पाणी किती पितीय?" कुणी मोजलंच नव्हतं. सिमेंटचा हौद, दोन घोड्यांत एक, आणि पहाटे पाणी बर्फासारखं. एवढ्या घोडीला दिवसाला २५ ते ३० लिटर तरी लागतं. अण्णांकडे तिला सकाळी विहिरीचं ताजं काढलेलं पाणी बादलीने मिळायचं, आणि थंडीत ते हाताला कोमट लागतं. त्यात कडबा संपल्याने दोन आठवड्यांपासून नुसता भाताचा पेंढा चालू होता. तो वाळलेला, चिवट आणि पाण्याशिवाय पोटात गोळा धरणारा.

डॉक्टरांनी होकार दिल्यावर दुपारी कोमट पाण्याची बादली, त्यात चिमूटभर मीठ आणि मूठभर गूळ. एरवी बंद केलेला गूळ या वेळी कामाला आला. ती अर्धी बादली प्यायली. चारच्या सुमारास लीद पडली, तिचा फोटो अण्णांना गेला. दुसऱ्या दिवसापासून कडबा आणि लसूणघास हळूहळू वाढवत नेला. औषधपाण्याचा खर्च बाजूला ठेवलेल्या रकमेतून झाला.

निष्पत्ती

घोडीचं वजन वर्षभरात तीस-पस्तीस किलोंनी उतरलं, मानेवरचा पट्टा मऊ पडला, गाठी आहेत तेवढ्याच आहेत. अण्णा दोनदा जाऊन आले. पहिल्या भेटीत तिने लांबून ओळखलं, दुसऱ्या भेटीत चारा सोडून आली नाही. परत येताना त्यांनी हे चाचांना हसत सांगितलं. मुलाशी त्यांचं बोलणं आहे, पण हरणीचा विषय दोघंही टाळतात. ती गाठ सुटलेली नाही, आणि ती मध्यस्थाने सोडवायची गोष्टही नव्हे.

वेगळं काय करता आलं असतं

दलाल दारात यायच्या आधी अण्णांना विचारायला हवं होतं. पुढचे दोन महिने त्या एका दुपारची भरपाई करण्यात गेले. गुडघे दुखायला लागले तेव्हाच, म्हणजे दोन वर्षं आधी, घोडी फक्त अण्णांच्या हाकेवर राहणारी नव्हे तर दुसऱ्याच्याही हाताची व्हायला हवी होती. फक्त मालकाच्याच हाताला सवय असलेलं जनावर देताना दोघांचेही हाल होतात.

गाडीत चढवण्याची तालीम आदल्या दिवशी रिकाम्या गाडीत करायची. घोडी चढते, तोबरा खाते, उतरते. दोन-तीनदा. भाचा तीन दिवस तिथेच होता, पण गाडी सकाळीच आली. आणि मालकाने चढवायचं की नाही, हे मालकालाच विचारायचं. ओट्यावर बसवून त्यांना वाचवायचा बेत चांगल्या मनाचा होता, पण त्यांनी तो मागितला नव्हता. बरोबर येणार का, हेही आधीच विचारलं असतं तर गोळ्या, स्वेटर, परतीची एसटी, सगळं ठरलं असतं.

वहीत चाऱ्याची अडीच पानं होती, पाण्याची एक ओळ नव्हती. "काय खाते" हे सगळे विचारतात. यादीत हे प्रश्नही हवेत : पाणी कशातून, किती वाजता, गार की कोमट, रात्री बसते की उभी झोपते, लीद दिवसातून किती वेळा आणि कशी, आजारी पडण्याच्या आदल्या दिवशी काय करते. जुना चारा दहा दिवस मिसळून देता येईल एवढा, म्हणजे निदान चाळीस किलो कडबा बरोबर द्यायचा. इथे पिकअपमध्ये मावल्या तेवढ्या पेंढ्या टाकल्या गेल्या आणि त्या चार दिवसांत संपल्या. पुढचा कडबा मास्तरांनी तिकडे मिळेल तसा आणला, आणि मिळेनासा झाला तेव्हा इकडे कुणालाच कळवलं नाही.

वरातीचा साज, म्हणजे झूल, तुरा, घुंगरांचा पट्टा, जरीचं खोगीर, याचं काय करायचं हे कुणीच विचारलं नव्हतं. ते सामान माळ्यावर आहे. एका बँडवाल्याने दोनदा विचारणा केली. दुसऱ्या वेळी सुनेने त्याला थेट अण्णांकडे पाठवलं. त्यांनी झूल आणि खोगीर देऊ केलं, भावही स्वतःच केला आणि घुंगरांचा पट्टा विकायचा नाही म्हणून सांगितलं.